पिलनामची गाठ, बोंगनिमच्या नावावर

पत्रावर नाव बोंगनिमचं होतं, पत्ता बोंगनिमचा होता, सरकारी नोंदणीचा तेरा आकडी क्रमांकही बोंगनिमचाच होता. फक्त ज्याच्याबद्दल पत्रात लिहिलं होतं, तो डावा स्तन तिचा नव्हता.

तो पिलनामचा होता. ही गोष्ट कोरियातल्या सगळ्या मोक्पो बंदरात दोघींनाच ठाऊक होती. त्यातल्या एकीला पत्र आल्याचं अजून कळलं नव्हतं आणि दुसरीच्या हातातून ते तिच्या नवऱ्याने आधीच काढून घेतलं होतं.

नवरा जोंगसोक टॅक्सी चालवायचा. दुपारचा जेवायला घरी आला होता. त्याने चष्मा कपाळावर सरकवून पत्र वाचलं, मग चष्मा नाकावर आणून पुन्हा वाचलं. ‘डाव्या स्तनात संशयास्पद सावली. मोठ्या रुग्णालयात तातडीने पुढील तपासणी करून घ्यावी.’ मग चौतीस वर्षांच्या संसारात कधी केली नव्हती अशी गोष्ट त्याने केली. टीव्हीवर चालू असलेल्या बातम्या स्वतः उठून बंद केल्या.

“मिन्होची आई,” तो म्हणाला, “तू बस.”

“मी बसलेलीच आहे.”

“मग आडवी हो.”

बोंगनिमने खरं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. जोंगसोक माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या पोटात काही राहत नसे. स्टेशनपासून धक्क्यापर्यंतच्या बारा मिनिटांत तो गिऱ्हाइकाला मेव्हण्याच्या मूळव्याधीचं ऑपरेशन टाक्यांच्या संख्येसकट सांगायचा. त्याला सांगणं म्हणजे मासळीच्या लिलावाच्या भोंग्यावरून सांगणं. शिवाय दुसऱ्याच्या क्रमांकावर तपासणी करून घेणं हा गुन्हा आहे, असं दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं म्हणे. पिलनामने ते परत आल्यावर हसत हसत सांगितलं होतं.

“रडू येतंय का तुला?” जोंगसोकने विचारलं.

“नाही.”

“बरं,” असं म्हणून तो न्हाणीघरात गेला आणि त्याने नळ सोडला. बराच वेळ नळ वाहत राहिला.

मासळी बाजाराच्या मागच्या सार्वजनिक स्नानघरात बोंगनिम सव्वीस वर्षं बायकांची अंगं घासत होती. हातात खरबरीत हिरवा मोजा, अंगावर काळी अंतर्वस्त्रं, हा त्या धंद्याचा गणवेश. गरम पाण्यात भिजून मऊ झालेल्या बायका एकेक करून तिच्या ओट्यावर येऊन पडत. ती त्यांना उताणं, कुशीवर, पालथं करून सोलून काढी. सगळ्या तिला मावशी म्हणत. कोणाचं अपेंडिक्स काढलंय, कोणाला तिसरं बाळंतपण पोट फाडून झालं, कोणाचा नवरा हात उगारतो, हे तिला नावांच्या आधी कळे.

कपडे बदलायच्या खोलीत पिलनामची टपरी होती. भाजलेली अंडी, तांदळाचं गार गोड पेय, बर्फ घातलेली कॉफी, साबण, मोजे. पिलनाम म्हणजे ‘पुढचा नक्की मुलगा’. चौथी मुलगी झाल्यावर वडिलांनी देवाला आठवण राहावी म्हणून हे नाव ठेवलं. पाचवीही मुलगीच झाली, तेव्हा त्यांनी नाव ठेवायचं काम बायकोकडे दिलं. पिलनामचा नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला होता, मूलबाळ नव्हतं, इंचॉनला एक बहीण होती आणि तिच्याशी बोलणं नव्हतं. बोंगनिमपेक्षा ती एकाच वर्षाने लहान, पण त्या एका वर्षाच्या जोरावर तिने बोंगनिमला वीस वर्षं ‘ताई’ म्हणून राबवून घेतलं होतं.

घोटाळा त्या एका वर्षानेच केला. चाळिशी उलटलेल्या बायकांची छातीची तपासणी सरकार दर दोन वर्षांनी करतं: सम साली जन्मलेल्यांची सम साली, विषम साली जन्मलेल्यांची विषम साली. बोंगनिम बासष्टची, पिलनाम त्रेसष्टची. सगळा देश ही तपासणी डिसेंबरवर ढकलतो. पिलनामने गेल्या वर्षी एकोणतीस डिसेंबरवर ढकलली. तिला दोनशे बारावा नंबर मिळाला. एकशे चाळिसाव्या बाईनंतर यंत्र बंद पडलं आणि पिलनामचं साल संपलं.

बोंगनिमचं साल चालू होतं, पण तिला जायचं नव्हतं. आरोग्य कचेरीतल्या मुलीने तीनदा फोन केला. “सव्वीस वर्षं मी लोकांना चेपते आहे,” बोंगनिमने तिला सांगितलं, “मला यंत्राकडून चेपून घ्यायचं नाही.”

ऑक्टोबरात एका संध्याकाळी गिऱ्हाइकं संपल्यावर पिलनाम ओट्यावर पालथी पडली होती आणि बोंगनिम तिची पाठ घासत होती.

“ताई, तू नाहीच जात ना, मग तुझा नंबर मला दे.”

“देते. पण नाव?”

“तेही दे. तुला ते कुठे फारसं लागतं? सगळे मावशीच म्हणतात.”

दोघी हसल्या. त्यांनी आजवर छत्र्या, बसचे पास आणि लग्नाला जायचे रेशमी पोशाख अदलाबदल करून वापरले होते. त्यात ही एक गोष्ट वाढली. दवाखान्यात गर्दी होती, काउंटरवरच्या मुलीने क्रमांक विचारला आणि मान वर न करता टाइप केला. “बोंगनिम बाई,” अशी हाक आली, पिलनाम उठली.

हे सगळं बोंगनिमला आता न्हाणीघरातल्या नळाच्या आवाजात आठवत होतं. आणि आणखी एक गोष्ट. त्या संध्याकाळी पाठ झाल्यावर पिलनाम उताणी झाली होती आणि बोंगनिमने तिची छाती घासली होती. दर आठवड्याला घासत होती. तिच्या हाताला काही लागलं नव्हतं. मोज्यातून मळ कळतो; त्याखालचं काही कळत नाही. तरी ती आपल्या उजव्या हाताकडे चोराकडे पाहावं तशी पाहत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पत्र जाकिटाच्या आत घालून नेलं आणि अंड्यांच्या टोपल्याशेजारी ठेवलं. पिलनामने ते वाचलं. नीट घडी घातली. परत दिलं.

“वाईट झालं गं ताई,” ती म्हणाली. “पण हल्ली यावर औषधं चांगली निघालीत.”

“पिलनाम, हे तुझं आहे.”

“नाव कोणाचं आहे?”

“नाव माझं आहे, छाती तुझी आहे.”

“हे सरकारला सांग. सरकारने तुझं लिहिलंय. सरकार उगीच लिहील का?” तिने एक अंडं सोलायला घेतलं. सालीबरोबर निम्मं अंडं निघून आलं. “आणि मला काही लागत नाही हाताला. तुला लागलं होतं? तू तर मला आतून बाहेरून ओळखतेस.”

“नाही लागलं.”

“मग झालं तर. मोक्पोत तुझ्या हातापेक्षा चांगलं यंत्र नाही, हे मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगते.”

“चल माझ्याबरोबर. स्वतःच्या नावाने दाखव. आजच्या आज.”

पिलनामने अंड्याचा तुकडा तोंडात टाकला आणि तो तसाच गालात ठेवला. “वहाणांच्या दुकानाची मालकीण आठवते?”

आठवत होती. ऑपरेशन झाल्यावर एकदाच आली होती, छातीवर टॉवेल धरून. गरम पाण्याच्या हौदात उतरली तशा चार बायका एकदम उठून बाहेर आल्या.

“आपण तिला काय कमी केलं?” बोंगनिम म्हणाली. “तिला हौदात ऐसपैस जागा करून दिली.”

“तेच. मी तिला एक टॉवेल फुकट दिला होता. वर म्हटलं, छान दिसताय. ती गेल्यावर आपण दोघी इथेच बसून तासभर तिच्याबद्दल बोललो. तू कॉफी दोनदा घेतलीस.” तिने गालातलं अंडं गिळलं. “ताई, खोलीवर मी फक्त झोपते. माझं घर हे आहे. इथे मला कोणी ऐसपैस जागा करून द्यायची नाही.”

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि पिलनाम साबणाचे प्रकार सांगू लागली. त्या आठवड्यात ती अंग घासून घ्यायला ओट्यावर आली नाही. पाठ दुखते म्हणाली.

इकडे घरी बोंगनिमची बडदास्त चालली होती. जोंगसोकने तिला भांड्यांना हात लावू दिला नाही. धक्क्यावरून महागडे शिंपले आणून त्याने त्यांची पेज शिजवली. आधी एक पातेलं करपवलं, मग दुसऱ्यात मीठ दोनदा घातलं, तिसरं जमलं. मुलाने, मिन्होने, सोलहून फोन केला आणि फोनवर नुसता श्वास घेत राहिला. नणंदेने पंचवीस वर्षांपूर्वीच्या भांडणाबद्दल माफी मागितली. त्या भांडणात चूक बोंगनिमची होती. ती प्रत्येकाला ‘बघू, बघू’ म्हणत राहिली आणि रात्रंदिवस एकच हिशेब करत राहिली: माझ्यासाठी इतकी माणसं धावताहेत आणि जिच्यासाठी धावायला हवं ती तिकडे अंडी विकतेय.

तिने पेज डब्यात भरून पिलनामला नेऊन दिली. पिलनामने डबा चाटूनपुसून रिकामा केला.

“जोंगसोकदादांच्या हाताला चव आली आहे. आजारी तू आणि खाते मी.”

“उलट आहे.”

“तू सारखं तेच तेच बोलतेस बघ. बरं, जानेवारीत माझं साल लागतं. तेव्हा जाईन.”

“नक्की?”

“जानेवारी म्हणजे… त्या साली. डिसेंबरपर्यंत मुदत असते.”

पुढच्या सोमवारी जोंगसोकने मीटर कापडाने झाकून बोंगनिमला ग्वांगजूच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. तास-सव्वा तासाच्या वाटेवर तिने मनाशी ठरवलं होतं: डॉक्टरांना एकटीला गाठायचं आणि सगळं सांगून टाकायचं. पण जोंगसोक तिला क्षणभरही सोडेना. कपडे बदलायच्या पडद्याआडही तो तिची पर्स घेऊन उभा राहिला. डॉक्टर जिन ही चाळिशीची बाई होती आणि तिच्या दारापुढे सगळा जिल्हा बसलेला होता. तिने संगणकावरचा फोटो पाहिला, बोंगनिमच्या छातीवर गार जेल लावून सोनोग्राफीची दांडी फिरवली, पुन्हा फिरवली.

“इथे काही नाही,” ती म्हणाली. “आपल्याकडच्या बायकांचे स्तन दाट असतात. क्ष-किरणांच्या फोटोत सगळं पांढरंच दिसतं, कधी पेशी एकावर एक येऊन सावली पडते. सहा महिन्यांनी पुन्हा या. पुढच्या बाई.”

बोंगनिम म्हणाली, “डॉक्टर, तो फोटो…” पण जोंगसोक मधे आला आणि कमरेत वाकला. एकदा डॉक्टरला, एकदा यंत्राला, एकदा दाराशी बसलेल्या सगळ्या जिल्ह्याला. बाहेर येऊन तो भिंतीला टेकून रडला. मग त्याने गाडीतून फोन करायला सुरुवात केली, आणि मोक्पो येईपर्यंत बोंगनिमची डावी छाती निर्दोष सुटल्याची बातमी अर्ध्या प्रांताला पोचली.

तो थेट स्नानघरापाशी थांबला. पुरुषांना बायकांच्या बाजूला जाता येत नाही म्हणून दारातूनच ओरडला, “पिलनाम, आज सगळ्यांना अंडी माझ्याकडून.”

पिलनामने अंडी वाटली. सगळ्या जणी बोंगनिमच्या गळ्यात पडल्या. शेवटी पिलनाम आली. तिचा चेहरा एकदम मोकळा, एकदम तरुण दिसत होता.

“बघितलंस?” पिलनाम तिच्या कानाशी म्हणाली. “काही नव्हतंच. एवढ्या मोठ्या डॉक्टरने बघितलं.”

“तिने मला बघितलं पिलनाम.”

“तोच फोटो होता ना समोर?”

“फोटो तुझा, बाई मी.”

“म्हणजे फोटोत काही नव्हतं असंच ती म्हणाली. पेशी एकावर एक आल्या म्हणे, जोंगसोकदादांनी सांगितलं सगळं.” तिने बोंगनिमच्या हातात अंडं ठेवलं. “आता जानेवारीचंही विसर. झाली माझी तपासणी. आता एकविसात बघू.”

दोन हजार एकवीस. म्हणजे आणखी दोन-तीन वर्षं. बोंगनिमने अंडं मुठीत धरलं. तिने नाव उसनं दिलं होतं. आता तिची धडधाकट छातीही पिलनामने उसनी घेतली होती. रुग्णालयात फाईल मिटली होती. जगात त्या पांढऱ्या सावलीकडे पुन्हा बघायचं कारण कोणालाच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच बसने ग्वांगजूला गेली. नंबर नव्हता म्हणून दाराशी साडेचार तास उभी राहिली. शेवटची बाई गेल्यावर आत शिरली आणि बसायच्या आधीच म्हणाली, “तो फोटो माझा नाही.”

डॉक्टर जिनने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, बोंगनिमला वाटलं, रागावली असती तर बरं. तिने फोटो पुन्हा पडद्यावर आणला आणि त्याच्याकडे पाहत राहिली.

“मला काल शंका यायला हवी होती,” ती म्हणाली. “काल अडुसष्ट बायका होत्या.” तिने बोटाने एक जागा दाखवली. “हे सगळं दाट भाताच्या पेजेसारखं. आणि या पेजेत हे शीत आहे. कडा बघा. अशा कडा मला आवडत नाहीत.”

बोंगनिमला पांढऱ्यात पांढरं दिसलं. “म्हणजे तेच आहे?”

“सुई घातल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून तर तिला आणा. याच आठवड्यात. लहान आहे अजून, हाताला लागण्याआधी सापडलंय. याचसाठी ही सगळी खटपट असते.”

“ती म्हणते तिचं साल नाही.”

“संशय आला की साल बघत नाहीत. आणि तपासणी राहून गेली होती ना, तर विमा कचेरीत एक फोन करायचा. पुढच्या वर्षात नाव घालून मिळतं.”

“एक फोन?”

“एकच.”

बोंगनिम खुर्चीत बसली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण इतका वेळ उभ्याच होतो.

“नाव काय तिचं?” डॉक्टरने पेन उचललं.

बोंगनिमने नाव सांगितलं. फोन नंबरही सांगितला. रुग्णालयातून पिलनामला दोनदा फोन गेला. दोन्ही वेळा तिने नंबर चुकलाय म्हणून सांगितलं.

बुधवारी बोंगनिम तिच्या खोलीवर गेली. पिलनामने दार उघडलं नाही. आतून म्हणाली, कपडे वाळत घालतेय. गुरुवारी टपरीवर गाठलं, तर गिऱ्हाइकांपुढे पिलनाम मोठ्याने म्हणाली, “ताईला स्वतःचं काही निघालं नाही म्हणून आता माझ्यात शोधतेय.” सगळ्या हसल्या. पिलनामही हसली, आणि हसताना तिने डावा हात छातीशी धरला, अंड्याच्या टोपल्याआड. बोंगनिमने ते पाहिलं. पिलनामनेही तिला पाहताना पाहिलं. हात खाली गेला.

म्हणजे तिला ठाऊक होतं. रात्री खोलीवर एकटी ती चाचपून बघत होती.

शुक्रवारी स्नानघर भरलेलं होतं. वर्षाचं लोणचं घालायचे दिवस. बायका दिवसभर कोबीला तिखट चोळून, लसणाच्या वासासकट पाण्यात येऊन पडल्या होत्या. ओट्यावर धान्य बाजारातली म्हातारी पालथी होती. पिलनाम बर्फाच्या कॉफीचा ट्रे घेऊन आत आली, नेहमीसारखी, पायांत रबरी चपला, अंगात फुलाफुलांचा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. सगळ्या उघड्या बायकांत ती एकटी कपड्यांत होती.

बोंगनिमने म्हातारीच्या पाठीवर एक बादली पाणी ओतलं आणि मोजा काढला.

“ऐका गं सगळ्या,” ती म्हणाली. स्नानघरात आवाज घुमतो. तिला वाटलं होतं त्याहून मोठा निघाला. “ते पत्र आलं ना, ते माझ्या नावाने आलं, पण तपासायला पिलनाम गेली होती. माझ्यात काही निघालं नाही, कारण ते माझ्यात नव्हतंच. डॉक्टरीणबाई बोलावते आहे आणि ही जात नाही.”

नळाखाली कोणीतरी डोक्याला साबण लावत होती, तिने नळ बंद केला.

पिलनाम ट्रे धरून उभी होती. ग्लासांतला बर्फ वाजत होता.

“काय बोलतेय ही,” ती म्हणाली. सगळ्यांची नजर तिच्या सदऱ्याच्या डाव्या बाजूवर गेली होती, आणि सगळ्यांनी ती एकदमच काढून घेतली. ते जास्त वाईट होतं.

“मावशी,” ओट्यावरून म्हातारी म्हणाली, “माझी एक बाजू राहिली आहे.”

पिलनामने ट्रे हौदाच्या कठड्यावर ठेवला. ग्लास मोजल्यासारखे सरळ केले. “वीस वर्षं मी तुला ताई म्हटलं,” ती बोंगनिमला म्हणाली, अगदी हळू, पण तिथे हळू बोललेलंही ऐकू जातं. “तू मला उघडी केलीस.”

ती गेली. बोंगनिमने म्हातारीची राहिलेली बाजू घासली. म्हातारी म्हणाली आज छान हलकं घासते आहेस. बाहेर आली तेव्हा टपरीला कुलूप होतं आणि काचेच्या आत अंड्यांवर फडकं घातलेलं होतं.

त्या संध्याकाळी तिने जोंगसोकला सगळं सांगितलं. चौतीस वर्षांत दुसऱ्यांदा त्याने टीव्हीवरच्या बातम्या स्वतः उठून बंद केल्या.

“म्हणजे मी तिच्याकडूनच अंडी घेऊन वाटली,” तो शेवटी म्हणाला.

“हो.”

“आणि माझी पेज?”

“तिने खाल्ली.”

“मग बरं झालं,” तो म्हणाला, आणि पुन्हा न्हाणीघरात गेला.

शनिवारी, रविवारी पिलनामने फोन उचलला नाही. सोमवारी सकाळी सहाला जोंगसोकने टॅक्सी तिच्या गल्लीच्या तोंडाशी उभी केली. बोंगनिमने दार ठोकलं. बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं. नुसती ठोकत राहिली. शेजारची बाई डोकावून गेली, एक कुत्रं येऊन बसलं. सात वाजून गेले तेव्हा बोंगनिमने हात बदलला.

आतून पिलनाम म्हणाली, “दार मोडेल. मालकाचं आहे.”

“मोडू दे.”

“तुझ्यासाठी येत नाहीये मी. मला रात्री लागलं ते हाताला. म्हणजे लागल्यासारखं वाटलं. काल नव्हतं तिथे.” आत कडी वाजली. “काल होतं बहुतेक.”

दार उघडलं. ती तयार होती. केस नीट बांधलेले, ओठांना रंग, लग्नाला जाताना घालायचा कोट. ती बोंगनिमकडे न बघता टॅक्सीपर्यंत गेली आणि पुढच्या सीटवर, जोंगसोकशेजारी बसली. बोंगनिम मागे बसली. ग्वांगजूपर्यंत जोंगसोकने आपल्या मेव्हण्याची सगळी ऑपरेशनं सांगितली. कोणी त्याला थांबवलं नाही.

काउंटरवर क्रमांक विचारला तेव्हा पिलनामने तो स्वतः सांगितला, आणि मुलीने मान वर केली नाही तरी पुन्हा एकदा सांगितला. मग पडदा, गार जेल, दांडी. डॉक्टर जिनने या वेळी दांडी एकाच जागी परत परत नेली. सुई घातली तेव्हा बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला, पडद्याबाहेर बसलेली बोंगनिम दचकली. आत पिलनामने हूं की चूं केलं नाही.

निकाल आठ दिवसांनी आला. तेच होतं. सतरा मिलिमीटर. काखेत गेलंय की नाही ते उघडल्यावर कळेल, स्तन सगळा काढायचा की भाग, तेही. ‘लवकर सापडलं’ असं डॉक्टर जिन तीनदा म्हणाली. पिलनामने तिन्ही वेळा मान डोलावली, भाव सांगणाऱ्या भाजीवालीपुढे डोलवावी तशी.

मग ऑपरेशनचे कागद आले. त्यांत एक कागद पालकाच्या सहीचा होता. पेशंटमागे कोण आहे, काही झालं तर कोणाला बोलवायचं, कोण जबाबदार. काउंटरवरची बाई म्हणाली, नवरा, मुलगा, भाऊ, बहीण.

“इंचॉनला बहीण आहे,” बोंगनिम म्हणाली. “फोन लावू?”

पिलनाम ते दार उघडल्यापासून तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आताही तिने मानेनेच नको म्हटलं. कागद आपल्याकडे ओढून तिने पालकाच्या रकान्यात बोंगनिमचं नाव लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर, पत्त्यासकट. मग पेन पुढच्या रकान्यावर नेलं. तिथे ‘नातं’ असं छापलेलं होतं. पेन तिथे बराच वेळ थांबलं. काउंटरवरच्या बाईने मागच्या रांगेकडे पाहिलं.

पिलनामने लिहिलं: ओळखीची.

कागद तिने बोंगनिमपुढे सरकवला. बोंगनिमने तो शब्द वाचला. सव्वीस वर्षं बायकांची अंगं उलथवणाऱ्या तिच्या हाताला पेन जड लागलं. तिने खाली सही केली.

“उद्या साडेसातला आत घेतील,” काउंटरवरची बाई म्हणाली. “पालकाने इथे थांबायचं. सुरुवातीला कळणार नाही किती वेळ लागेल.”

पिलनामने कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि वॉर्डाच्या लिफ्टकडे निघाली. बोंगनिम तिच्या मागून, दोन पावलं अंतर ठेवून चालू लागली. लिफ्टचं दार उघडलं. पिलनाम आत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. लिफ्टमधे भरपूर जागा होती. बोंगनिमने आत पाऊल टाकलं आणि तिला अगदी चिकटून उभी राहिली.

पिलनाम सरकली नाही. तिच्याकडे वळलीही नाही.